तक्त्याबाहेरचे स्नायू

विभागात तिला सगळे 'मिलिमीटर' म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिची त्याला हरकत नव्हती. एकदा एका पेशंटचा, डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवायचा मास्क टेबलावर किंचित तिरका बसला होता. टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, एका मिलिमीटरनं काय आभाळ कोसळतंय?" त्यावर तिनं त्याला उभ्या उभ्या एवढं ऐकवलं, की ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

ती रेडिएशन विभागात फिजिसिस्ट होती. गाठ कुठवर पसरलीय ते डॉक्टर स्कॅनवर रेघ ओढून दाखवायचे. मग किरण कुठल्या बाजूनं, किती आणि कसे सोडायचे, वाटेतलं काय काय वाचवायचं, याची आखणी ती संगणकावर करायची. त्या आखणीला सगळे प्लॅन म्हणत. घशाच्या आणि तोंडाच्या कॅन्सरचे प्लॅन सगळ्यांत किचकट. लाळेच्या ग्रंथी, मज्जारज्जू, जबडा, स्वरयंत्र, सगळे एवढ्याशा मानेत असे दाटीवाटीनं राहतात, की एका खोलीत तीन पिढ्यांचं बिऱ्हाड बरं. एकाला सरकवलं की दुसऱ्याच्या अंगावर पाय पडतो.

म्हणजे आखणी कसली, संगणकाशी घासाघीसच ती. तिनं म्हणायचं, या ग्रंथीला एवढ्याच्या वर डोस नको. संगणकानं हिशेब करून दाखवायचं, जमेल, पण मग तो जबड्यात जाईल. गाठीला पुरेसा डोस द्यायचा म्हटल्यावर आजूबाजूला काही ना काही सांडणारच. कुणाच्या अंगणात सांडू द्यायचं, एवढंच माणसाच्या हातात. ही घासाघीस करता करता मिलिमीटरचा अर्धा दिवस जायचा आणि तिला भूक लागल्याचंही कळायचं नाही.

मग विभागात जावई आला.

जावई म्हणजे नवं सॉफ्टवेअर. आपलं आपण प्लॅन करणारं. मिलिमीटरला अर्धा दिवस लागायचा ते काम हे चहा निवायच्या आत उरकायचं. नाव ठेवलं धाकटीनं. धाकटी ही विभागातली दुसरी फिजिसिस्ट, नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते, आणि सॉफ्टवेअरची सगळी उस्तवार तिच्याकडे होती.

"जावईच आहे मेला," ती म्हणायची. "अवयवाच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी रुसून बसतो. सगळं ताट वाढून पुढ्यात ठेवा, मग साहेब जेवणार. आणि जेवणार मात्र झकास!"

सगळं काम एकदम जावयाच्या हाती द्यायला मोठे डॉक्टर तयार नव्हते. त्यांनी ठरवलं, काही महिने घशातोंडाच्या प्रत्येक पेशंटचे दोन प्लॅन करायचे, एक मिलिमीटरचा हातानं केलेला, एक जावयाचा. धाकटीनं नाणं उडवून त्यांना 'एक' आणि 'दोन' अशी नावं द्यायची. कुठला कुणाचा हे डॉक्टरांना ठाऊक नसायचं. दोन्हींसोबत एक तक्ता असायचा, ठरलेले अवयव आणि प्रत्येकाला पोचलेला डोस. डॉक्टर आधी तक्ता बघायचे, मग स्कॅनवरचं चित्र, आणि मग बोट ठेवायचे. ज्यावर बोट, तो प्लॅन पेशंटला. त्यानंतर धाकटी पाकीट उघडावं तशी ऐटीत सांगायची, हा अमक्याचा.

सुरुवातीला दोघांची बरोबरी होती. पुढे जावई लागोपाठ जिंकत गेला. मिलिमीटर वरवर हसायची. पण एकदा कॉरिडॉरमधून जाताना टेक्निशियनांच्या खोलीतून आवाज आला, "आज पण जावयानं सासूला चीत केलं," आणि मागोमाग हशा. त्यांचा रोख जावयावर होता, तिच्यावर नव्हता, हे तिला कळत होतं. तरीही घरी जाईपर्यंत तो 'सासू' शब्द तिच्या पायात खड्यासारखा टोचत राहिला.

त्याच सुमारास आचारी आला.

एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तो मुख्य आचारी होता. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, आणि जिभेच्या मुळाशी गाठ. लग्न केलेलं नव्हतं. सोबत थोरली बहीण यायची. तिला तो ताई म्हणायचा आणि ती त्याला सगळ्यांदेखत बाळ्या म्हणायची. पहिल्याच दिवशी मास्कसाठी मापं घेताना त्यानं विचारलं, "मॅडम, चव राहील ना? मीठ चाखायला दुसरा माणूस लागतो म्हटल्यावर मला कोण कामावर ठेवेल?"

"चव काही दिवस जाईल, बहुतेक परत येते," मिलिमीटर म्हणाली. "लाळ कमी होईल. ती वाचवायचा आम्ही प्रयत्न करतो."

"आणि गिळायला?"

"तेही बघतो," ती म्हणाली.

खरंच बघायची ती. घशाच्या मागच्या भिंतीत गिळण्याचे स्नायू असतात. ते डॉक्टरांच्या तक्त्यात नव्हते. ते नेमके कुठून कुठवर धरायचे यावर डॉक्टरांत एकमत होत नव्हतं, म्हणून कुणी घातलेच नव्हते. मिलिमीटर मात्र तपासणीला परत येणारी, घोटाघोटाला थांबणारी माणसं वर्षानुवर्षं बघत आली होती. त्यामुळे ती आपल्या प्रत्येक प्लॅनमध्ये ते स्नायू स्वतः आखून घ्यायची आणि संगणकाला बजावायची, इथे जपून. कुणी विचारलं नाही, तिनं कुणाला सांगितलं नाही. सवयच होती ती.

आचाऱ्याचा प्लॅन करायला बसली तेव्हा डाव्या ग्रंथीचा आकडा काही केल्या खाली येईना. जावयाचा प्लॅन तिनं पाहिलेला नव्हता, पण जावयाचा आकडा साधारण किती असेल हे एव्हाना तिला झोपेतही सांगता आलं असतं. ग्रंथीला दाबावं तर गिळण्याचे स्नायू अडून बसायचे. त्यांना जपा असं तिनंच संगणकाला सांगितलेलं, तेव्हा तो तरी काय करणार?

सेटिंगमध्ये प्रत्येक अवयवापुढे एक आकडा असतो, याला किती मान द्यायचा याचा. तिनं त्या स्नायूंपुढचा आकडा शून्य केला. नुसतं बघू या तर खरं, असं ती स्वतःशी म्हणाली.

संगणकानं हिशेब केला. ग्रंथीचा आकडा जिना उतरावा तसा टपाटप खाली आला. उजव्या ग्रंथीचाही आला. जबडासुद्धा सुधारला. असा देखणा तक्ता तिनं कित्येक महिन्यांत काढला नव्हता. चित्रात मात्र घशाच्या मागे जास्त डोस दाखवणारा नारिंगी रंग पसरला होता, दूध उतू जावं तसा. तिनं माउस नेला आणि डाव्या बाजूच्या यादीतला त्या पातळीचा रंग बंद केला. चित्र स्वच्छ दिसायला लागलं. आकडा परत पहिल्यासारखा करायचा राहून गेला असं पुढे तिनं मनाशी बऱ्याचदा म्हणून पाहिलं. पण राहून गेलेली गोष्ट आणि राहू दिलेली गोष्ट यांतला फरक मिलिमीटरइतका कुणाला कळणार?

डॉक्टरांनी तक्त्यावर नजर टाकली आणि लगेच 'दोन'वर बोट ठेवलं. "हा. ग्रंथी बघा कशा वाचवल्यात! जावई आज फॉर्मात आहे."

धाकटी म्हणाली, "सर, हा मॅडमचा."

खोलीतल्या टेक्निशियनांनी टाळ्या वाजवल्या. एक जण ओरडला, "सासूबाईंनी वचपा काढला!" डॉक्टरांनाही इतका आनंद झाला, की त्यांनी आचाऱ्याला जाऊन सांगितलं, तुमचा प्लॅन हातचा आहे, मशीनला हरवून केलेला. मिलिमीटर घरी जाताना आईस्क्रीम घेऊन गेली.

उपचार सुरू झाले. आठवड्यातले पाच दिवस आचारी यायचा, मास्क लावून टेबलावर पडायचा, आणि बाहेर आला की काचेआडून हात करायचा. वेटिंग हॉलमधल्या नव्या पेशंटांना तो मिलिमीटरकडे बोट दाखवून सांगायचा, "या आमच्या मॅडम. यांच्या हातचा आहे आपला प्लॅन. मशीनचा नाही."

"हातचा म्हणजे काय, थापून केला काय?" ताई म्हणायची.

"तू गप गं. तुला नाही कळायचं. मापानं कुणीही मीठ घालेल, हाताच्या अंदाजाची गोष्टच वेगळी."

मिलिमीटर हसून पुढे निघून जायची. पुढे पुढे ती हॉल टाळून मागच्या जिन्यानं यायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात त्याला गिळताना दुखायला लागलं. यात नवल काहीच नव्हतं, घशाच्या सगळ्याच पेशंटांना दुखतं. पण एका सकाळी ती अनवधानानं हॉलमधून गेली तेव्हा ताई त्याला वाटीतलं सूप भरवत होती. तो घोट तोंडात धरून डोळे मिटून बसला होता. खूप वेळ बसला. मग मान पुढे ताणून, खांदे वर घेऊन, त्यानं तो घोट खाली ढकलला आणि डोळ्यांच्या कडा पुसल्या. तिला पाहून त्यानं हात वर केला.

ती जागेवर जाऊन बसली आणि त्याच्या दोन्ही प्लॅनच्या फायली शेजारी शेजारी उघडल्या. जावयाचा प्लॅन ती पहिल्यांदाच पाहत होती. ग्रंथींचे आकडे तिच्यापेक्षा जरासे वाईट, नियमात बसणारे. पण घशाच्या मागे, जिथे तिच्या प्लॅनमध्ये नारिंगी उतू गेलं होतं, तिथे जावयानं डोस कोरून काढल्यासारखा वळवला होता.

"दिसलं ना?" मागून धाकटीचा आवाज आला. तिच्या हातात चहाचे दोन कप होते. "मलाही कौतुक वाटलं होतं. तक्त्यात नाहीत तरी गिळण्याचे स्नायू जपतो पठ्ठ्या. सगळ्याच प्लॅनमध्ये."

"त्याला कुणी शिकवलं हे?"

"आता घ्या! तुम्हीच की." धाकटी हसली. "शिकवायला आपण त्याला विभागातले जुने प्लॅनच नाही का दिले? त्यातले बहुतेक तुमचे. तुमच्या प्रत्येक फायलीत ते स्नायू आखलेले होते, म्हणून त्यानंही उचललं. बघा ना, वळणसुद्धा तुमचंच आहे." मग तिची नजर शेजारच्या चित्रावर गेली. तिनं कप टेबलावर ठेवला. "मॅडम, हा कुणाचा?"

"माझा."

धाकटीनं आपला चहा उभ्यानंच संपवला आणि गेली.

स्वतःशी खोटं बोलायला निदान अंधुक उजेड लागतो. मिलिमीटरपुढे तर दोन्ही चित्रं लख्ख उभी होती. तरी तिच्यातली विज्ञानाची विद्यार्थिनी अजून वकिली करत होती. एका पेशंटवरून काय सिद्ध होतं? जावयाच्या प्लॅननंही दुखलंच असतं, कदाचित एवढंच दुखलं असतं. हे सगळं खरं होतं. पण शून्य तिनं टाकला होता, आणि रंगही तिनंच बंद केला होता. या दोन गोष्टींना 'कदाचित' लागत नव्हतं.

उपचार अर्ध्यावर आले होते. उरलेल्या अर्ध्यासाठी प्लॅन बदलता आला असता, त्या स्नायूंच्या वाट्याचं काही तरी वाचलं असतं. मात्र चालू प्लॅन बदलायचा तर डॉक्टरांची सही लागते आणि सहीसाठी कारण. कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

एक चोरवाट होती. पेशंट वाळला की मास्क सैल होतो, मान आत हलायला लागते, मग नवा स्कॅन आणि नवा प्लॅन करावाच लागतो. असं नेहमीच घडतं आणि कुणी का म्हणून विचारत नाही. नव्या प्लॅनमध्ये आकडा गुपचूप जागेवर ठेवता आला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणून ती रोज आचाऱ्याचा मास्क तपासायला जाऊ लागली. टेक्निशियन तिला बघून एकमेकांना कोपरखळ्या मारत, "मिलिमीटर आली." मास्क आणि गाल यांच्यात ती बोट घालून पाहायची. बोट जायचं नाही. ताई पातळ करून, गाळून, रागावून, गोंजारून त्याच्या पोटात दिवसभर काही ना काही ढकलत होती.

"वजन कसं आहे?" मिलिमीटरनं एकदा विचारलं.

"तसूभर हलू दिलं नाहीये," ताई अभिमानानं म्हणाली. "रडतो, शिव्या देतो, पण संपवतो."

"अरे," मिलिमीटर म्हणाली. शब्द तोंडातून निसटला तो हिरमुसलेला निसटला. ताईनं चमकून पाहिलं. आणि मिलिमीटरच्या तेव्हा लक्षात आलं, की हा माणूस वाळावा म्हणून आपण गेला आठवडाभर वाट बघतोय. बहीण एकेक चमचा त्याच्या पोटात घालतेय आणि आपण तो अंगी लागू नये म्हणून टपून बसलोय. ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

संध्याकाळी मटार सोलता सोलता तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो विम्याच्या ऑफिसात होता आणि कुठल्याही गोष्टीत पहिल्यांदा नियम शोधायचा.

"प्लॅन नियमात बसतो ना?"

"बसतो."

"डॉक्टरांनी सही केलीय ना?"

"केलीय."

"मग तुझं काय चुकलं? उद्या कोर्टात नेलं तरी..."

"कोर्टात कोण नेतंय मला? खाई त्याला खवखवे, एवढंच आहे हे."

त्यानं आणखी एक शेंग सोलली. "म्हणजे त्या दिवशीचं आईस्क्रीम त्याचं होतं?"

"हो."

"मी दोनदा घेतलं की गं," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते कसंसं वाटलं असावं. त्यानं शेंगांची पाटी बाजूला सारली. "सांगायचं म्हणतेस?"

"न सांगता त्याचा प्लॅन बदलता येत नाही."

"डॉक्टर फाडून खातील."

"खाऊ देत."

डॉक्टरांनी फाडून खाल्लं नाही. खाल्लं असतं तरी ते फार वाईट झालं असतं असंही नाही. त्यांनी दोन्ही चित्रं शांतपणे बघितली, तिनं बंद केलेला रंग तिनंच चालू करून दाखवला तेव्हा चष्मा काढून पुसला, आणि विचारलं, "हे तुला तेव्हा दिसत होतं?"

"हो सर."

"मला का नाही दिसलं?"

"मी रंग बंद केला होता. आणि तक्त्यात ते स्नायू नाहीत हे मला माहीत होतं."

"मी चित्राकडे नीट बघितलं असतं तर मलाही कळलं असतं," डॉक्टर म्हणाले. ते तिला सोडवायला म्हणाले की स्वतःला दोष द्यायला, हे तिला कळलं नाही. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "अगं पण कशासाठी? तुझा पगार वाढणार होता? मी जावयाला तुझ्या जागी आणणार होतो? तू नसशील तर त्याचे प्लॅन तपासणार कोण?"

'सासू' म्हणून हसले म्हणून, हे उत्तर तोंडातून काढायच्या लायकीचं नव्हतं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "उरलेल्या दिवसांना जावयाचा प्लॅन लावा. तपासून आजच तयार कर. आणि तुझी ती जिंकलेली बाजी तुलनेतून बाद. मी त्याला सांगतो, मधे प्लॅन बदलणं नेहमीचंच असतं म्हणून. घाबरवायला नको."

ती सुटल्यासारखी उठली. प्लॅन तपासला, मशीनवर मोजून पाहिला, धाकटीनं सोबत काम केलं. सगळं दुपारपर्यंत उरकलं. मग टेक्निशियन धावत आला.

"मॅडम, आचारी टेबलावर चढायला तयार नाही."

हॉलमध्ये आचारी खुर्चीत ताठ बसला होता. आवाज बसला होता, तरी तो भांडत होता. "मला मशीनचा प्लॅन नको. मॅडमच्या हातचा होता तोच पाहिजे. सर म्हणतात नेहमीचं असतं. नेहमीचं असतं तर मग पहिल्या दिवशी कौतुक कशाला सांगितलंत?" मिलिमीटर दिसताच त्यानं हात पुढे केला. "मॅडम, तुमच्यावर कुणी दाब आणलाय का? मला सांगा. आमच्या कॅन्टीनमध्येही असंच करतात. चांगल्या माणसाचं काम काढून घेतात आणि मशीन आणून बसवतात. मी सही देणार नाही."

ताई म्हणाली, "मॅडम, याला दोन शब्द सांगा. तुमचं ऐकेल."

डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी तिच्याकडे बघून किंचित मान हलवली. त्याचा अर्थ सांग असाही होत होता आणि नको असाही. मिलिमीटरला सोपं होतं. हाही प्लॅन मीच तपासलाय, चांगला आहे, माझ्यावर विश्वास ठेवा, एवढं म्हटलं असतं की तो चढला असता टेबलावर. शब्दन् शब्द खराही होता.

ती त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"माझा प्लॅन चांगला नव्हता," ती म्हणाली.

"असं कसं? सर म्हणाले..."

"सरांना तक्ता दिसला. तक्त्यात लाळेच्या ग्रंथी आहेत, गिळण्याचे स्नायू नाहीत. नेहमी मी तक्त्यात नसले तरी ते जपते. तुमच्या वेळेला नाही जपले. जपले असते तर ग्रंथींचा आकडा मशीनपेक्षा चांगला आला नसता, आणि मला मशीनला हरवायचं होतं. म्हणून ते मी सोडून दिले. मशीननं ते सोडले नाहीत. त्याचा प्लॅन तुमच्यासाठी जास्त चांगला आहे. तो पहिल्या दिवसापासूनच मिळायला हवा होता."

हॉलमध्ये वर टांगलेल्या टीव्हीवर कसली तरी जाहिरात चालू होती. आचारी तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पुन्हा सांगा, मला ऐकू आलं नाही, असं म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो.

बोलली ती ताई. "म्हणजे शर्यत लावली होती तुम्ही? माझ्या भावाच्या गळ्यावर?"

"हो."

"आणि याला दुखतंय ते त्यामुळे?"

"दुखणं सगळ्यांनाच येतं. त्यातलं माझ्यामुळे किती हे मला सांगता येत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. पण काही असेल."

"आणि गेलं ते? ते परत काढता येतं का?"

"नाही. शरीरात गेलेला डोस परत काढता येत नाही."

ताईनं पदर तोंडाला लावला आणि काढला. "रोज येऊन मास्कमध्ये बोटं घालून बघत होतात. मला वाटायचं, केवढी काळजी करते ही बाई! घरी गेल्यावर याला सांगायची मी."

मिलिमीटर त्यावर सांगू शकली असती, की तीही काळजी नव्हती. तेवढं तिच्याच्यानं झालं नाही.

आचारी उठला. टेबलाच्या खोलीकडे निघाला. तिच्या खुर्चीजवळून जाताना थांबला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मला तर वाटलं होतं, मी तुमची बाजू घेतोय." आणि आत गेला. त्या दिवशी नव्या प्लॅननं पहिला डोस गेला. मिलिमीटर काचेमागे उभी होती. यंत्र त्याच्याभोवती फिरलं, थांबलं. बाहेर येताना त्यानं काचेकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. भांडायला आली असेल असं वाटून धाकटी उठायला लागली, पण ताई भांडली नाही. "तुम्ही रोज खाली यायचं," ती म्हणाली. "मी त्याला भरवते त्या वेळेला. मास्क बघायला नको. हे बघायला. तुमचे आकडे तुम्ही बघता ना, मग हेही बघायचं. चुकवायचं नाही."

"येईन," मिलिमीटर म्हणाली.

ती गेली. मागच्या जिन्यानं नाही, सरळ हॉलमधून. ताईनं तिला बस म्हटलं नाही, म्हणून ती खांबाशी उभी राहिली. आजूबाजूचे पेशंट तिच्याकडे बघत होते, या बाई इथे कशाला ताटकळतायत म्हणून. टेक्निशियनही दारातून डोकावून गेले. त्यांच्यापैकी कुणी हसलं नाही. विभागात आता सगळ्यांना सगळं कळलं होतं.

ताईनं चमचा भरला. आचाऱ्यानं तोंड उघडलं, घेतलं, डोळे मिटले. मिलिमीटर त्याच्या गळ्याकडे बघत होती. मान ताणली गेली. गळ्यातली घाटी वर चढली, मधेच अडकली, तिथेच थरथरली. आता कुठल्या स्नायूनं कुठे ओढायचं हे तिला चित्रासारखं पाठ होतं, आणि त्याचा इथे काडीचा उपयोग नव्हता. तिनं नजर हलवली नाही. मग घाटी हळूहळू खाली आली.

"बघितलंत?" ताईनं विचारलं.

"बघितलं."

ताईनं वाटीत चमचा फिरवला आणि पुढचा भरला.